पेटीतला हरभरा

एक डबा घ्या. त्यात सोयाबीनचे १९ दाणे टाका आणि हरभऱ्याचा एक. न बघता एक दाणा काढा, कोणता आला ते वहीत लिहा, तो परत डब्यात टाका, डबा हलवा आणि पुन्हा काढा. असं २० वेळा करा. हिंगोली जिल्ह्यात या प्रयोगाला बाजारात जावं लागत नाही. खरिपाचं सोयाबीन आणि रब्बीचा हरभरा कुठल्याही घरात मूठभर सापडतो.

आता सुरू करण्याआधी एक प्रश्न. वीस दाण्यांत एक हरभरा आहे आणि तुम्ही वीसदा काढणार आहात. मग तो एकदा तरी हाती येणारच ना? वर्गात हे विचारलं की बहुतेक हात ‘हो’ म्हणून वर जातात. मोठ्या माणसांना विचारलं तरी उत्तर तेच येतं, फक्त हात वर जात नाहीत.

गणित मात्र वेगळं सांगतं. दर वेळी हरभरा न येण्याची शक्यता २० पैकी १९, म्हणजे ०.९५. वीसही वेळा तो न येण्याची शक्यता काढायची तर ०.९५ हा आकडा वीस वेळा मांडून सगळे एकमेकांशी गुणायचे. उत्तर येतं ०.३६ च्या आसपास. ४० मुलांच्या वर्गाने हा खेळ खेळला, तर साधारण १४ मुलं वीस वेळा हात घालून कोरडीच राहतील. सुमारे १५ मुलांना हरभरा एकदा मिळेल आणि उरलेल्या ११ जणांना दोनदा किंवा त्याहून जास्त. शाळा सुटल्यावर गावभर बोलतील ती हीच अकरा मुलं. चौदा जण गप्प घरी जातील.

मोबाइलवरच्या खेळातली ‘लूट बॉक्स’ नावाची पेटी म्हणजे हाच डबा. फरक इतकाच की दाणे दिसत नाहीत, किती आहेत हे सांगितलेलं असलं तर बारीक अक्षरात असतं, आणि प्रत्येक वेळी हात घालायला पैसे पडतात.

पेटीत काय असतं? बंदुकीवर चढवायचा रंग, खेळातल्या पात्राचे कपडे, एखादा नाचाचा हावभाव, कधी अधिक ताकदवान पात्र. लेकरांच्या तोंडी त्याचे शब्द पक्के बसले आहेत: डायमंड, यूसी, क्रेट, स्पिन, स्किन, बंडल, टॉप-अप. हिंगोलीच्या बसस्थानकावर दहा मिनिटं उभं राहिलं तरी हे सगळे कानावर पडतात. पबजी मोबाइलवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली, फ्री फायरवर फेब्रुवारी २०२२ मध्ये. पण त्यांची जागा बीजीएमआय आणि फ्री फायर मॅक्स यांनी घेतली. खेळ बदलले, पेटी तीच राहिली.

मुलं हे खेळ खेळतात ते पेटीसाठी नव्हे. मित्र त्यात भेटतात, चौघांची टोळी जमते, नेम साधण्यात खरोखर कौशल्य लागतं. त्या कौशल्याबद्दल माझी तक्रार नाही. ज्या भागात कौशल्य अजिबात चालत नाही आणि पैसे मात्र त्याच भागात जातात, त्या भागाचं गणित या प्रकरणात मांडतो आहे.

हिंगोलीचा दसरा महोत्सव सगळ्या मराठवाड्याला माहीत आहे. रामलीला मैदानावर प्रदर्शन भरतं, आकाशपाळणे लागतात, खेड्यापाड्यांतून माणसं येतात. अशा जत्रेत आणि गावच्या दुकानातही पूर्वी एक पुठ्ठा टांगलेला असे. त्यावर घडी घातलेल्या छोट्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या. नाणं द्यायचं, एक चिठ्ठी फाडायची, आत नंबर निघाला तर बक्षीस. बहुतेकांना गोळी किंवा फुगा मिळे. मोठं बक्षीस, घड्याळ किंवा चेंडू-बॅट, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर वर लटकवलेलं असे.

तो पुठ्ठा आणि आजची पेटी यांत एक फरक आहे, आणि तो नीट समजला तर निम्मं प्रकरण समजलं. पुठ्ठ्यावर समजा १०० चिठ्ठ्या होत्या आणि घड्याळ एकीत. साठ फाटल्या तरी घड्याळ वर लटकलेलं आहे, म्हणजे ते उरलेल्या चाळीसांत कुठेतरी आहे. आता शक्यता शंभरात एक नाही, चाळिसात एक आहे. हुशार पोरं म्हणूनच आधी बघत राहत आणि पुठ्ठा विरळ झाल्यावर पैसे काढत. फाडलेली चिठ्ठी परत चिकटवली जात नव्हती.

बहुतेक पेट्यांत चिठ्ठी परत चिकटवली जाते. एक टक्क्याची वस्तू पहिल्या पेटीला एक टक्का, शंभराव्या पेटीलाही एक टक्का. आधीच्या नव्व्याण्णव पेट्या रिकाम्या गेल्या याची त्या यंत्राकडे नोंदच नसते. म्हणून तुम्हाला सोयाबीन परत डब्यात टाकायला सांगितलं.

‘इतक्या वेळा नाही आलं, म्हणजे आता येणारच’ ही भावना माणसाच्या मनात फार खोल बसलेली आहे. १८ ऑगस्ट १९१३ रोजी मोंटे कार्लोच्या जुगारघरात रूलेटच्या चाकावर काळा रंग लागोपाठ २६ वेळा आला. प्रत्येक वेळी लोक ‘आता लाल येणारच’ म्हणत लालवर अधिकाधिक पैसे लावत गेले आणि बुडाले. आपल्याकडे मटक्याच्या अड्ड्यावर जुने आकडे मांडलेला चार्ट घेऊन बसणारी माणसं हेच करतात. कोणता आकडा किती दिवस ‘बाकी’ आहे याचा हिशेब मांडतात. आकड्याची कुणाकडे बाकी नसते.

मटक्याचा विषय निघाला आहे तर त्याचं गणितही इथे ठेवतो. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या दरांवर मुंबईत लागणारा आकड्यांचा सट्टा १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडला. मग १९६२ मध्ये कल्याणजी भगत आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी मटका चालू केला. सिंगलला साधारण एकास नऊ आणि जोडीला एकास नव्वद हा त्याचा रिवाज. दहा आकड्यांतला एक ओळखला तर नऊ पट, म्हणजे लावलेल्या दर रुपयातले सरासरी दहा पैसे चालवणाऱ्याकडे राहतात. मटका बेकायदेशीर आहे आणि त्याने मराठवाड्यातली कितीतरी घरं बुडवली. तरी खेळणाऱ्याला निदान भाव माहीत असतो. पेटीत रुपया घातला की पैसा म्हणून त्यातलं काहीच परत येत नाही. मिळतं ते चित्र, आणि ते हवं तेच असेल याचा भाव बहुतेक लेकरांना ठाऊक नसतो.

भाव न कळण्याचं एक कारण म्हणजे मधलं चलन. रुपये देऊन डायमंड घ्यायचे, डायमंड देऊन स्पिन, स्पिनमधून तुकडे किंवा टोकन, आणि तुकडे जमवून वस्तू. चार पायऱ्या चढेपर्यंत मूळ रुपया दिसेनासा होतो. आपल्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांना दोन चलनांचा व्यवहार चांगला माहीत होता. हिंगोली निजामाच्या राज्यात होती, इथे हाली शिक्का चालायचा आणि इंग्रजी मुलखातल्या रुपयाला कलदार म्हणत. सात हाली म्हणजे सहा कलदार, हा हिशेब बाजारात लोक तोंडी करत. कारण तो हिशेब चुकला तर त्याच संध्याकाळी नुकसान दिसायचं. शिवाय हाली मोडून कलदार परत घेता येत होता. डायमंडचे रुपये परत होत नाहीत, आणि पाकिटात नेहमी थोडे असे उरतात की त्यांत काहीच येत नाही, म्हणून पुन्हा भरावे लागतात.

म्हणून पहिलं काम म्हणजे टक्क्याचे रुपये करणं. समजा एका स्पिनला सगळे हिशेब करून २० रुपये पडतात आणि हवी असलेली वस्तू एक टक्क्याची आहे. लेकरू म्हणतं, शंभर स्पिन, दोन हजार रुपये, झालं काम. आता शंभर मुलं एकाच वेळी खेळायला बसली आहेत असं समजा. ६९ स्पिन झाल्यावर, म्हणजे प्रत्येकाचे १,३८० रुपये गेल्यावर, अर्ध्यांना वस्तू मिळालेली असेल. शंभर स्पिनला, दोन हजारांवर, ३७ मुलं अजूनही रिकाम्या हाती असतील. २३० स्पिनला, ४,६०० रुपयांवर, दहा जण उरतील. ४५९ स्पिनला, ९,१८० रुपये गेल्यावरही, शंभरातलं एक मूल बसलेलंच असेल. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. त्या शेवटच्या मुलाने जवळजवळ दोन क्विंटल सोयाबीन एका कपड्याच्या चित्रासाठी घातलं, आणि ते चित्र अजून त्याला मिळालेलं नाही.

‘सरासरी शंभर’ हा आकडा खरा आहे, पण तो या शेवटच्या मुलाला झाकतो. सरासरी बघून पैसे काढणारा माणूस आपण नशीबवान निम्म्यात आहोत असं धरून चालतो. सावध माणसाने हिशेब त्या ३७ जणांत उभं राहून करावा.

खरे आकडे कसे असतात? ‘काउंटर-स्ट्राइक’ या जगप्रसिद्ध खेळात २०१३ पासून बंद पेट्या येतात. त्या उघडायला किल्ली लागते आणि किल्लीची किंमत साधारण अडीच डॉलर. चीनने कंपन्यांना शक्यता जाहीर करायला लावल्यावर २०१७ मध्ये या पेट्यांचे आकडे बाहेर आले: सर्वांत साधी वस्तू ७९.९२ टक्के, त्यावरची १५.९८, मग ३.२, मग ०.६४, आणि सगळे ज्यासाठी जीव टाकतात तो चाकू किंवा तशी दुर्मीळ वस्तू ०.२६ टक्के. म्हणजे सरासरी ३८५ पेट्यांत एक. किल्ल्यांचा खर्च साडेनऊशे डॉलरच्या वर. ‘गेनशिन इम्पॅक्ट’मध्ये सर्वांत वरच्या दर्जाच्या वस्तूची शक्यता ०.६ टक्के लिहिलेली आहे, पण नव्वदाव्या वेळेपर्यंत ती द्यायचीच अशी हमी आहे. ही हमी नसती तर नव्वद वेळा खेळून शंभरातले ५८ जण हात हलवत परतले असते. त्यामुळे ही हमी खेळणाऱ्याला दिलासा वाटते. पण हमीचा दुसरा अर्थ असा की वस्तूची खरी किंमत नव्वद वेळा खेळण्याइतकी आहे. त्याआधी मिळाली तर तेवढी सूट पडली.

आपल्याकडे मुलांच्या हातात अधिक दिसणारं उदाहरण फ्री फायरमधलं ‘फेडेड व्हील’. हे जत्रेतल्या पुठ्ठ्यासारखं आहे. दहा वस्तूंतल्या दोन नको असलेल्या काढून टाकायच्या, आठ उरतात, आणि आलेली वस्तू पुन्हा येत नाही. म्हणजे आठव्या स्पिनला मोठं बक्षीस हमखास. मग यात गोम कुठे आहे? दरात. पहिला स्पिन ९ डायमंडना, दुसरा १९, मग ३९, ६९, ९९, १४९, १९९ आणि आठवा ४९९. हा या चाकाचा नेहमीचा चढता दर.

बेरीज करून बघा. पहिल्या चार स्पिनचे मिळून १३६ होतात. आठांचे १,०८२. जर आठही वस्तू सारख्याच शक्यतेने येत असत्या, तर निम्म्या मुलांना मोठं बक्षीस १३६ डायमंडच्या आत मिळालं असतं आणि सरासरी खर्च सुमारे ३१६ आला असता. लेकराच्या डोक्यात हाच हिशेब असतो: आठात एक, फक्त ९ डायमंड. पण वस्तूंची शक्यता सारखी असते असं चाक कुठेच म्हणत नाही. मोठ्या बक्षिसाचा दाणा लहान ठेवला की ते मागे मागे सरकत जातं आणि बहुतेकांना ते सातव्या-आठव्या स्पिनला भेटतं. तिथे पोचेपर्यंत ५८३ डायमंड गेलेले असतात आणि समोर ४९९ चा आकडा उभा असतो. आता थांबावं तर गेलेले पाण्यात, पुढे जावं तर वस्तू नक्की. ‘एवढं घातलंच आहे तर’ या चार शब्दांवर ते चाक चालतं. माझं मत स्पष्ट आहे: त्या बक्षिसाची किंमत पहिल्यापासून १,०८२ आहे असं समजा. तेवढे द्यायचे असतील तर फिरवा. ९ डायमंड ही त्याची किंमत नाही.

आणि ते चाक फिरताना हळू होतं, बक्षिसाच्या घरापाशी रेंगाळतं, आणि एका घराने पुढे सरकतं. ‘थोडक्यात हुकलं’ म्हणून लेकरू पुन्हा बोट ठेवतं. अशा खेळांत निकाल बटण दाबताक्षणी आकड्याने ठरलेला असतो आणि फिरणारं चाक नंतर दाखवलेलं चित्र असतं. जत्रेतली रिंग बाटलीला घासून पडली तर खरंच थोडक्यात हुकलेलं असतं, पुढच्या वेळी हात सुधारू शकतो. इथे हात नाहीच.

बक्षीस दर वेळी न देता कधीतरी, अंदाज न येईल असं दिलं की प्राणी थकेपर्यंत तेच करत राहतो, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर कबुतरांवरच्या प्रयोगांत दाखवलं होतं. डेव्हिड झेंडल आणि पॉल केर्न्स यांनी २०१८ मध्ये ७,४२२ खेळाडूंची माहिती तपासली. पेट्यांवर जितका खर्च जास्त, तितकी जुगाराच्या व्यसनाची लक्षणंही जास्त, असं त्यांना आढळलं. पेटीमुळे व्यसन लागतं की व्यसनाकडे झुकलेली माणसंच पेटीवर अधिक उधळतात, हे अशा पाहणीतून सुटत नाही. मला दोन्ही उत्तरं सारखीच गंभीर वाटतात. पहिल्यात पेटी माणूस बिघडवते, दुसऱ्यात ती दुबळ्या माणसाकडूनच अधिक पैसे काढते.

महाभारताच्या वनपर्वात नळराजाची गोष्ट येते. फाशांच्या खेळात राज्य हरलेला नळ बाहुक या नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची वार्ता येते आणि दोघं रथातून विदर्भाकडे निघतात. तो विदर्भ आपल्या जिल्ह्याच्या वेशीवरच सुरू होतो. वाटेत बेहड्याचं झाड लागतं. त्याच्या दोन फांद्यांवर २,०९५ फळं आहेत असं राजा नुसत्या नजरेने सांगतो. नळ घाईतही रथ थांबवतो, फळं मोजतो, आकडा जुळतो. मग ऋतुपर्ण त्याला ‘अक्षहृदय’ म्हणजे फाशांची विद्या देतो आणि ती मिळताच नळाच्या अंगात शिरलेला कली बाहेर पडतो. त्या काळी फासे बेहड्याच्या फळांचेच असत. ज्याने माणसाला बुडवलं त्याच फळाची मोजणी त्याला सोडवते, आणि तीही दुसऱ्याच्या शब्दावर न विसंबता स्वतः रथातून उतरून केलेली. शक्यतेच्या गणितावर याहून नेमकी गोष्ट मला कुठे सापडलेली नाही.

पण नळाला झाड दिसत होतं. पेटीत आपल्याला काय दिसतं? कंपनीने लिहिलेला टक्का. तो खरा आहे हे कसं ताडायचं?

समजा कंपनी एक टक्का म्हणते आणि आत खरा आकडा अर्धा टक्का आहे. एक हजार वेळा खेळलं तर दहा वस्तू मिळायला हव्यात, मिळतील पाचच्या आसपास. पण खरा एक टक्का असतानाही हजार खेळींत पाच किंवा त्याहून कमी वस्तू मिळण्याची शक्यता सुमारे साडेसहा टक्के असते. म्हणजे वीस रुपयांच्या हिशेबाने वीस हजार रुपये घालवूनही तुम्ही ठामपणे ‘फसवलं’ म्हणू शकत नाही. उलट दहा लाख मुलांनी प्रामाणिक पेटी प्रत्येकी पाचशे वेळा उघडली, तरी साडेसहा हजार मुलांना एकदाही काही मिळणार नाही. ती सगळी फसवणुकीची तक्रार करतील आणि कंपनी खरं बोलत असेल.

योगायोग आणि खरी घटना वेगळी काढण्याचं हेच काम औंढा नागनाथ तालुक्यातल्या दुधाळ्याला मोठ्या पातळीवर होणार आहे. तिथल्या लायगो-इंडिया वेधशाळेला एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. अमेरिकेतल्या दोन लायगो वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली गुरुत्वीय लहर टिपली, तेव्हा शास्त्रज्ञांनी ती लगेच जाहीर केली नाही. आधी विचारलं, यंत्रातल्या गडबडीने योगायोगाने असा संकेत किती वर्षांत एकदा दिसेल? उत्तर आलं, २,०३,००० वर्षांत एकदाहूनही कमी. मगच फेब्रुवारी २०१६ मध्ये जगाला सांगितलं. इतकी खात्री करायला मोजमापांचा प्रचंड साठा लागतो. एका मुलाकडे तो नसतो. कंपनीकडे मात्र प्रत्येक पेटीची नोंद असते.

दक्षिण कोरियात हे उघड झालं. नेक्सॉन कंपनीच्या ‘मेपल स्टोरी’ या खेळात ‘क्यूब’ नावाची वस्तू पैसे देऊन घेता येई आणि ती वापरली की पात्राच्या सामानाला नवे गुण मिळत. २०१० मध्ये ती आली. त्याच वर्षी कंपनीने लोकांना हव्या असलेल्या गुणांची शक्यता कमी केली आणि पुढे काही जोड्या येणारच नाहीत अशी व्यवस्था केली. खेळणाऱ्यांना सांगितलं नाही. लोक वर्षानुवर्षं पैसे भरत राहिले ते शून्य टक्क्यासाठी. डब्यात हरभरा नव्हताच. कोरियाच्या स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२४ मध्ये कंपनीला सुमारे १,१६० कोटी वॉन दंड केला आणि त्याच वर्षी २२ मार्चपासून तिथे शक्यता जाहीर करणं कायद्याने सक्तीचं झालं.

शेतीला लोक पावसावरचा जुगार म्हणतात. मला हा शब्द कधी पटला नाही. वसमतच्या हळद उत्पादकाला आठ-नऊ महिने रान सांभाळून दर काय मिळेल हे माहीत नसतं, पण पावसाची शक्यता कुणी खोलीत बसून त्याच्या विरुद्ध ठरवत नाही, आणि त्याच्या कष्टाने उतारा वाढतो. पेटीची शक्यता माणूस ठरवतो, आणि जो ठरवतो त्याचाच त्यात फायदा असतो. म्हणून ती उघड हवी, आणि तिची तपासणी बाहेरच्याने करायला हवी.

चीनने १ मे २०१७ पासून शक्यता जाहीर करायला लावली. जपानने २०१२ मध्येच, ठरावीक वस्तूंचा संच पुरा केला की मोठं बक्षीस देणारा प्रकार बंद पाडला. तो का घातक हे एका हिशेबात कळतं: सारख्या शक्यतेच्या दहा वस्तूंचा संच पुरा करायला सरासरी २९ पेट्या लागतात आणि त्यांतल्या दहा एकट्या शेवटच्या वस्तूसाठी. बेल्जियमने २०१८ मध्ये पैशांच्या पेट्या जुगारच ठरवल्या. ॲपलने डिसेंबर २०१७ पासून आणि गुगलने २०१९ पासून आपल्या दुकानातल्या खेळांना शक्यता दाखवायची अट घातली. आपल्याकडे १८८७ चा जुगारबंदी कायदा आहे, तो अड्ड्यांच्या काळातला. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची मोहोर उमटलेला ऑनलाइन गेमिंगचा केंद्रीय कायदा पैसे लावून पैसे जिंकण्याच्या आशेने खेळायचे खेळ बंद करतो. लूट बॉक्स हा शब्द त्यात नाही. पेटीतून रोख पैसा न निघता चित्र निघत असेल तर ती या बंदीत बसते का, हा प्रश्न त्यामुळे मोकळाच राहतो. बसत नसेल, तर निदान टक्के ठळक मराठीत आणि रुपयांसकट छापायला लावावेत. कोरियाने जे केलं ते महाराष्ट्राला अवघड नाही.

तोवर घरात करण्यासारखं थोडं आहे. मोबाइलच्या ॲप दुकानात प्रत्येक खरेदीला पासवर्ड विचारण्याची सोय असते, ती चालू ठेवा. यूपीआयचा पिन मुलाला सांगू नका. मुलाने चुकून खरेदी केली तर गुगल प्लेकडे ४८ तासांच्या आत परताव्याची विनंती करा, तेवढ्या मुदतीत पैसे मिळण्याची शक्यता चांगली असते.

आणि एक संध्याकाळ मुलाजवळ बसा. रागावू नका, मोबाइल हिसकावू नका. त्याला पेटीचं पान उघडायला सांगा. कोपऱ्यात प्रश्नचिन्ह किंवा ‘आय’ची छोटी खूण असते, तिथे टक्के लिहिलेले असतात. त्याला हवी असलेली वस्तू शोधा, टक्का वहीत उतरवा, एका स्पिनचे रुपये काढा आणि शंभर मुलांतली किती कोरडी राहतील हा हिशेब त्याच्याच हाताने करवून घ्या. नववीतल्या मुलाला तो येतो. टक्के कुठेच लिहिलेले नसतील, तर त्या पेटीत एक रुपयाही घालू नका.